चांदणी टाकायची नाही

आमच्या घरात कुणी शिंकलं तर कुणाची मान वर होत नसे. घराच्या पुढच्या खणात अप्पांची गिरणी होती. एका अंगाला ज्वारी-गव्हाची चक्की आणि दुसऱ्या अंगाला मिरची-मसाला कुटायचं कांडप. चक्की घरघरायची आणि कांडपाची लोखंडी मुसळं एकाआड एक धप्प-धप्प पडत राहायची. त्या आवाजातच आम्ही जेवलो, भांडलो, पाढे पाठ केले. अजूनही आम्ही भावंडं मोठ्यानंच बोलतो. माझी मुलगी म्हणते, आई, तू मामाशी बोलतेस तेव्हा फोन कशाला लागतो गं? लग्नसराईत येसराचा मसाला कुटायला आजूबाजूच्या चार-पाच गावांतून बाया यायच्या, ओट्यावर पाय सोडून बसायच्या, आणि धणे, दगडफूल, खोबरं भाजल्याचा वास आमच्या दप्तरापर्यंत शिरायचा. वर्गात कुणी माझी वही उघडली की आधी शिंकायचं आणि मग वाचायचं. अप्पा सोमवारी महादेवाच्या पिंडीला बेल वाहिल्याशिवाय पट्टा चढवत नसत, आणि एकदा पट्टा चढला की वीज जाईपर्यंत थांबत नसत. वीज मात्र रोज जायची. मग अशी शांतता पडायची की मागच्या चुलीपाशी आई भाकरी थापते आहे हेही पुढच्या गिऱ्हाइकाला कळायचं.

आमचं गाव युसूफ वडगावपासून चालत तासाभरावर, मांजरेच्या अलीकडं. गावात शिक्षण संस्थेचं हायस्कूल होतं, आणि मी नववीत गेले त्या वर्षी तिथं दहा कॉम्प्युटर आले. खोक्यांतला थर्माकोल मुलींनी गॅदरिंगसाठी पळवला, खोकी शिपायानं घरी नेली, आणि मशीन जुन्या भूगोलाच्या खोलीत टेबलांवर मांडली गेली. त्यांच्याबरोबर नदीम सर आले. सर कायमचे नव्हते, ठेक्यावरचे होते. दर उन्हाळ्यात त्यांचा कागद नवा झाला तर पुढचं वर्ष. अंबाजोगाईहून जुन्या स्कूटरवर यायचे, डोक्याला रुमाल बांधलेला, आणि खोलीत शिरण्याआधी तोच रुमाल झटकून बुटांवरची धूळ पुसायचे. चपला बाहेर, हात धुऊन आत, खिडक्या कायम बंद. माझ्यासाठी वेगळा नियम होता. "नंदा बेटा, तू दोनदा धुवायचे. परवा तुझ्या मागून बसलेलं पोरगं डोळे चोळत घरी गेलं."

पहिल्या सहामाहीत ती मशीन सुटी सुटी होती. मग एके दिवशी सरांनी निळ्या वायरीचं मोठं भेंडोळं आणलं. आठ दिवस सर शिडीवर आणि आम्ही शिडी धरून खाली. त्यांनी सगळ्या मशीनला नाव दिलं, लॅब एक ते लॅब दहा. एक वायर व्हरांड्याच्या पत्र्याखालून ऑफिसात गेली, तिथल्या बाबूंच्या टेबलावर एक मशीन होतं त्याला. दुसरी दहावीच्या वर्गात न्यायची होती. आम्ही विचारलं, सर, ह्यानं काय होणार? सर शिडीवरूनच म्हणाले, "ही गल्ली समजा. दहा-बारा घरं. आजवर सगळ्यांची दारं बंद होती. आता एका घरची वाटी दुसऱ्या घरी जाणार. आणि एकदा का ऑफिसातल्या टेलिफोनची लाइन ह्याला जोडली, की ही गल्ली थेट दुनियेच्या रस्त्याला लागली." टेलिफोनची जोडणी मंजूर करायला बीडहून साहेब येणार होते. ते केव्हा येतील हे कुणालाच माहीत नव्हतं. सर मात्र ईदच्या चंद्राची वाट बघावी तशी त्यांची वाट बघत होते.

लॅब आठ माझं आणि लॅब सात सुजाताचं. सुजाता भीमनगरातली. तिच्या घराच्या दारावर पंचशीलाचा छोटा झेंडा आणि आत कपाटावर बुद्धाची पांढरी मूर्ती असायची. वडील एसटीत कंडक्टर, त्यामुळं एक दिवस घरी आणि एक दिवस मुक्कामी. तिला गाड्यांच्या वेळा तोंडपाठ होत्या. कमी बोलायची, पण बोलली की वर्ग हसायचा. आम्ही पाचवीपासून एका बाकावर बसत होतो. आमच्याकडं ती आली की ओट्यावर बसायची, आत नाही. मी तिच्याकडं गेले तर दारात उभी राहायचे. हे कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि आम्हाला त्यात काही वेगळं दिसतही नव्हतं. आज लिहिताना दिसतं.

वायरी जोडून झाल्या तेव्हा सरांनी आम्हाला एक गंमत शिकवली. काळ्या पडद्यावर दोन इंग्रजी शब्द लिहायचे, पुढं ज्या मशीनला निरोप धाडायचा त्याचं नाव, आणि पुढं मजकूर. तिकडच्या पडद्यावर मधोमध करडी चौकट उमटायची आणि ठण्ण करून आवाज व्हायचा. वर लिहिलेलं असायचं, अमक्या मशीनकडून निरोप. पहिल्या दिवशी तर दोन हातांवर बसलेल्या मैत्रिणीला "जेवलीस का" विचारण्यात आमचा अख्खा तास गेला. सर हसत फिरत होते. मग थांबून म्हणाले, "आता ध्यान देऊन ऐका. मशीनच्या नावाच्या जागी ही चांदणी टाकली ना, तर निरोप सगळीकडं जातो. ऑफिसात पण. चांदणी टाकायची नाही. अजिबात नाही."

नको म्हटलेलं सगळंच मी करायचे असं नाही. पण ती चांदणीची खूण कीबोर्डवर आठाच्या आकड्यावर होती आणि मी आठ नंबरच्या मशीनवर बसायचे, म्हणून ती मला सतत दिसायची.

येळवस जवळ आली होती. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्या भागात सगळं गाव रानात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोप करतात, तिच्यात पाच दगड मांडून पूजा करतात, आणि नंतर जे जेवण होतं तसं वर्षात पुन्हा होत नाही. आदल्या दिवसापासून घरात तुरीच्या, वाटाण्याच्या शेंगा सोलल्या जातात, हरभऱ्याचे घाटे सोलले जातात, चिंचेचा कोळ काढला जातो. सगळ्या पालेभाज्या आणि ओले दाणे बेसनाच्या पाण्यात शिजवून त्यांची भज्जी करतात. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडक्यात दोन दिवस आंबवलेली ज्वारीची आंबील, वरून लसूण-जिऱ्याची फोडणी. आई ती आंबील इतक्या मायेनं घुसळायची की रवीचा आवाज चक्कीच्या आवाजाच्या वर यायचा. मांजरेपलीकडच्या शाळांना येळवशीची सुट्टी असायची. आमच्या शाळेला नसायची. नदी एवढीशी, पण पलीकडची पोरं रानात आणि आम्ही बाकावर. हे दुःख आमच्या पिढीला फार मोठं होतं.

येळवशीच्या आदल्या दिवशी दुपारी आमचा कॉम्प्युटरचा तास होता. सर दहावीच्या वर्गाकडं वायर ओढायला शिडी घेऊन व्हरांड्यात गेले होते. मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, केजला बैठकीला गेले होते. माझ्या मशीनची स्पेसची पट्टी अडकली होती. मी कुरकुरले तसं सुजाता उठली. "बस तू माझ्या जागी. मला बी कंटाळा आलाय टायपिंगचा." मी लॅब सातवर बसले, ती आठवर. इंग्रजी अक्षरांत मी मराठी लिहिलं, उद्या येळवस, शाळेला सुट्टी. फक्त सुजाताला पाठवायचं होतं. नावाच्या जागी आठ लिहिताना बोट शिफ्टवर होतं की मनानंच ते तिथं ठेवलं, हे मी पुढं किती वर्षं स्वतःला विचारलं. खरं उत्तर मला माहीत आहे. मी चांदणी टाकली.

दहा मशीनमधून एकदम ठण्ण झालं. पोरं ओरडली, "ए, सुट्टी! सुट्टी!" सुजातानं माझ्याकडं बघितलं, तोंडावर हात धरला आणि हसली. मीही हसले. आणि तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाची वेळ झाली होती. बॅटऱ्या टीं-टीं करायला लागल्या, थोड्या वेळानं पडदे काळे झाले, आणि मला वाटलं, चला, पुसलं गेलं.

ते पुसलं गेलं नव्हतं. ऑफिसातल्या बाबूंनी आयुष्यभर आलेला प्रत्येक कागद आवक वहीत उतरवलेला. पडद्यावर काहीतरी आलंय म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि बॅटरी संपायच्या आत तेही वहीत उतरवून घेतलं, कुणाकडून आलं त्यासकट. त्या इंग्रजी नावाचा अर्थ त्यांना लागला नाही, आणि मोठे सर बाहेरगावी. त्यांनीच तिकडून कळवलं असेल, असं बाबूंच्या मनानं घेतलं. त्यांनी सूचना वहीत सुट्टीची सूचना लिहिली आणि शिपाई ती घेऊन वर्गावर्गात फिरला. गणिताच्या बाईंनी शंका काढली तर शिपाई म्हणाला, "बाई, नेटवर आलंय." बाईंनी सही केली. आमच्या खोलीतही वही आली. शिडीवरून उतरून नदीम सरांनी हात पुसले, वाचलं, "अरे वा, येळवस मुबारक" म्हणाले आणि सही केली. माझाच निरोप शाळाभर हिंडून, आठ शिक्षकांच्या सह्या घेऊन, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्या क्षणी मी बोलले असते तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण एवढ्या सह्या बघून मला खरोखर वाटायला लागलं की सुट्टी आधीच ठरलेली असेल, माझं फक्त बरोबर आलं. हल्ली आमच्या घरच्या ग्रुपवर कुणी काहीही पाठवतं, आणि चार जणांनी अंगठा दाखवला की पाचवा ते खरं धरून पुढं ढकलतो. मी त्यांना हसत नाही. ज्यानं ते लिहिलं त्यालाही एव्हाना ते खरं वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी आम्ही रानात खोपीपाशी बसलो होतो. आईनं माझ्या ताटात भज्जी वाढली, त्यावर कच्च्या तेलाची धार सोडली. पहिला घास घेतला आणि बांधावरून शाळेचा शिपाई सायकल ढकलत येताना दिसला. तोही आपल्या रानातून, जेवणावरून उठून आला होता. "अप्पा, पोरीला शाळेत धाडा. बीडचे सायेब आलेत जीप घेऊन. मोठे सर संगट हायेत. शाळेला कुलूप हाय अन् चावी माझ्याकडं." अप्पा म्हणाले, "पर सुट्टी हाय म्हणालती की पोरगी." शिपाई कपाळावर हात मारून पुढच्या रानाकडं गेला. आम्ही सहा-सातजणं धावत शाळेत पोचलो तेव्हा जीप निघून गेली होती. कुलूप उघडलं होतं, पण आत बघायला कुणी नव्हतं. मोठे सर व्हरांड्यात एकटे खुर्चीवर बसले होते. नदीम सर त्या दिवशी अंबाजोगाईलाच होते. ज्या साहेबांची ते वाट बघत होते ते आले, बंद खोलीच्या काचेतून आत बघितलं आणि शेरा लिहून गेले. घरी येऊन मी हातातला उंडा परत ताटात ठेवला. आई म्हणाली, ऊन लागलं असेल, आंबील पी.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या तासालाच शिपाई आला आणि सुजाताला घेऊन गेला. आवक वहीत लिहिलं होतं, लॅब सातकडून. लॅब सात कुणाचं, हे नदीम सरांच्या हजेरीत लिहिलेलं होतं. ती अर्ध्या तासानं परत आली, माझ्या शेजारी बसली आणि वहीत समास आखायला लागली. मी विचारलं, "काय म्हणाले?"

"मी केलतं का म्हणून विचारलं."

"मग?"

"मी काईच बोलले न्हाई." तिनं पट्टी उचलून फुंकर मारली. "उद्या बाबाला बोलावलंय. दाखला घेऊन जा म्हनले. नदीम सरांचा बी कागद बंद करणार म्हनं."

एवढंच. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही, रागानंही नाही. सुट्टीच्या वेळी ती म्हणाली, "बाबाची उद्या लातूरची ड्युटी हाय. ती बदलून घ्यावी लागंल त्याला." आणि भीमनगराच्या वाटेला लागली. मी घरी गेले. घरी काही बोलले नाही. त्या संध्याकाळचं मला काहीच आठवत नाही. आई कशात होती, काय जेवलो, कुणाचा मसाला होता, काहीच नाही. लाज माणसाच्या आठवणीतला तेवढा तुकडा कापूनच नेते बहुतेक.

सकाळी मी शाळेला निघाले नाही, पोट दुखतंय म्हणाले. गिरणीत एक बाई हळद घेऊन बसली होती आणि अप्पा मुसळाखालून तिची हळद हातानं सरकवत होते. दारातून मला रस्ता दिसत होता. सकाळची पहिली गाडी येऊन गेली, आणि थोड्या वेळानं सुजाताचे बाबा शाळेच्या दिशेनं जाताना दिसले. अंगात खाकी, खांद्याला चामड्याची पिशवी तशीच. चार पावलं मागं सुजाता. त्यांनी तिचं दप्तर स्वतःच्या हातात घेतलं होतं. माझ्यानं बघवेना. मी अप्पांजवळ जाऊन बोलले. कांडपाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. "काय?" ते ओरडले. मी ओरडले, "अप्पा, ते मी केलतं! सुट्टीचं मी लिवलतं!" अप्पांनी पट्टा उतरवला. वीज असताना त्यांनी स्वतःहून पट्टा उतरवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. सगळं थांबलं. ओट्यावरच्या बाईलाही ऐकू जाईल एवढ्या शांततेत मला सगळं पुन्हा सांगावं लागलं, चांदणीपासून.

अप्पा बाईला म्हणाले, "थांबा मावशी, आलोच," आणि माझा हात धरून निघाले. हात धुतले नाहीत, टोपी घातली नाही.

ऑफिसात मोठे सर खुर्चीवर, बाबू वही उघडून, समोर सुजाता आणि तिचे बाबा उभे. नदीम सरही उभे होते आणि म्हणत होते, "सर, ते शिकवलं मी. पोरांच्या हातात दिलं आणि शिडीवर चढून बसलो. पोरीला सोडा, जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा." आम्ही दारात आलो तसे मोठे सर उठलेच. अप्पांना गावात मान होता, संस्थेच्या लोकांत ऊठबस होती. "या, या अप्पा. तुम्ही कशाला आलात?"

अप्पांनी मला पुढं केलं. मी सांगितलं. जागा बदलल्याचं सांगितलं, चांदणीचं सांगितलं. आवाज घरच्यासारखा मोठा निघाला, बहुतेक शेजारच्या वर्गातही गेला असेल. मोठ्या सरांनी ऐकलं, खुर्चीत मागं टेकले आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "बरं, बरं. म्हणजे खोडी झाली म्हणायची. लेकरू आहे अप्पा, लेकरांकडून चूक होतेच. असं करू नये हं, नंदा."

मग सुजाताचे बाबा बोलले. आवाज चढवला नाही, गाडीत तिकीट मागतात तेवढाच होता. "सर, काल ह्याला गुन्हा म्हनलं. दाखला न्या म्हनलं. आज ही चूक झाली व्हय? मधी काय बदललं, तेवढं मला सांगा."

बाबूंनी वहीत डोकं घातलं. मी अप्पांकडं बघितलं. अप्पांचं तोंड मिरचीच्या धुरात होतं तसं लाल झालं होतं. ते सुजाताच्या बाबांकडं वळले, हात जोडले. "भाऊ, बरोबर बोललात. आमची पोर दिसभर गप बसली, तुमच्या पोरीच्या अंगावर ढकलून. ते त्या निरोपापरीस वाईट." आणि मोठ्या सरांना म्हणाले, "सर, जी शिक्षा ह्यांच्या पोरीला सांगितलीत तीच हिला द्या. कमी बी नको, जास्ती बी नको."

दाखला कुणालाच दिला नाही. शेवटी असं ठरलं की वार्षिक परीक्षा होईपर्यंत नंदानं त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. मोठ्या सरांनी तेवढ्यावर मिटवलं, आणि पुढं साहेबांना स्वतः बीडला जाऊन भेटले, खरं काय झालं ते सांगितलं. त्याबद्दल मी त्यांचीही ऋणी आहे. नदीम सरांचा कागद उन्हाळ्यापर्यंत तरी वाचला. आम्ही निघालो तेव्हा अप्पांनी ज्या खुर्चीची पाठ धरली होती तिच्यावर पाच पिवळी बोटं उमटली होती. वाटेत ते एवढंच बोलले, "काल कावून न्हाई सांगितलं?" मी म्हणाले, "भ्याले." ते म्हणाले, "व्हय. मी बी भ्यालो असतो," आणि जाऊन पट्टा चढवला.

संध्याकाळी आईनं वाडगाभर येसर पदराखाली घेतलं आणि मला म्हणाली, चल. आम्ही भीमनगरात गेलो. सुजाताच्या आईनं दारात घोंगडी अंथरली, तर आई चपला काढून सरळ आत गेली आणि चुलीजवळ जाऊन बसली. चहा आला. फार गोड होता. आईनं सगळा प्यायला आणि कप स्वतः विसळायला घेतला, तो सुजाताच्या आईनं तिच्या हातातून काढून घेतला. दोघी जणी कपासाठी थोडा वेळ ओढाओढ करत राहिल्या आणि मग हसल्या. आम्ही दोघी दारात बसलो होतो. मी विचारलं, "तू माझं नाव कावून सांगितलं न्हाईस?"

"मी सांगितलं असतं तर कुणी खरं धरलं असतं?" सुजाता म्हणाली. "वर म्हनले असते, चांगल्या घरच्या पोरीवर आळ घेती. तू सांगितल्यावरच ते खरं होणार होतं." मग म्हणाली, "तू सांगशील असं वाटलतं मला. उशीर लावलास लई."

हे ती चौदा वर्षांची असताना बोलली. मी आज अंबाजोगाईत मसाल्याचा कारखाना चालवते, वीसेक बाया हाताखाली आहेत. कुणावर काही आळ आला की मी आधी विचार करते, हिच्या जागी दुसरी असती तर मी हेच म्हणाले असते का? हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. खाकी कपड्यातल्या एका माणसानं विचारलेला तो प्रश्न मी तेव्हापासून सोबत घेऊन फिरते.

टेलिफोनची मंजुरी उशिरा आली, पण आली. उन्हं तापायला लागली होती. ज्या दिवशी जोडणी होणार होती त्या दिवशी सगळा वर्ग त्या खोलीत आणि मी बाहेर, लिंबाच्या पारावर, इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेऊन. माझ्यासमोर बंदीची गोष्ट कुणी काढायची नाही असं बहुतेक ठरवलेलं होतं, त्यामुळं जाताना पोरी माझ्याकडं बघत नव्हत्या. थोड्या वेळानं माझ्या मागं कडी वाजली. धुळीपायी त्या खोलीच्या खिडक्या सर कधीच उघडू देत नसत. त्या दिवशी त्यांनी स्वतः पाराकडची खिडकी उघडली, दोन्ही दारं भिंतीला लावली आणि माझ्याकडं न बघता आत म्हणाले, "आज फार उकडतंय बाबा." मग म्हणाले, "पहिलं पान आपण लॅब सातवर उघडू." लॅब सात खिडकीला लागून होतं. खोलीत पाय ठेवायचा नाही, एवढंच ठरलं होतं. पारावर बसायला कुणी मना केलं नव्हतं.

आतून आधी फोन लावल्याचे आवाज आले, मग किरकिर, मग घुंईऽऽ असा आवाज, गिरणीचा पट्टा घसरल्यावर होतो तसा, मग शांतता. सर म्हणाले, "लागला." काय बघायचं यावर आत भांडण झालं. कुणाला क्रिकेट हवं होतं, कुणाला विमान. सर म्हणाले, लॅब सात ठरवेल. सुजाता म्हणाली, "व्हेल मासा." इंग्रजीच्या धड्यात होता, आणि आमच्या पुस्तकात त्याचं चित्र एवढंसं, काळ्या शाईचं. मग ती बोलायला लागली. कमी बोलणारी ती पोरगी, खिडकीकडं तोंड करून, गिरणीतल्या माणसासारखी मोठ्यानं. "चित्र वरून हळूहळू यायलंय. आधी आभाळ हाय. निळंच हाय. अजून आभाळच... आता ढग. आता पाणी लागलं, लांब, पट्टीनं आखल्यावानी. मासा न्हाई अजून. थांबा... काळं दिसायलंय कायतरी, पाण्याच्या वर, डोंगरावानी. पाठ हाय, पाठ!" मध्येच आत सगळी पोरं "ओऽऽ" करून ओरडली. मला वाटलं, मासा आला. पोरांच्या गोंगाटात तिचा आवाज एक क्षण थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "आता डोकं आलं. लई मोठं हाय. आपल्या एसटीएवढं असंल. तोंडाच्या कडंला बारीक डोळा हाय, म्हशीच्या डोळ्यावानी, गरीब. आपल्याकडंच बघायलाय. खाली शेपूट, पाण्यातनं दिसायली, दोन पानं असल्यावानी. झालं. आलं सगळं." मी पारावर डोळे मिटून बसले होते. तो मासा मला अजून दिसतो.

नदीम सर त्या उन्हाळ्यात गेले. कागद नवा झाला नाही. जाताना त्यांनी मला खोलीत बोलावलं, लॅब आठवर बसवलं आणि स्पेसची पट्टी नीट केली आहे का ते बघायला सांगितलं. मी चार ओळी टाइप केल्या. पट्टी चालत होती. पुढं ते कुठं गेले कळलं नाही. मी पुष्कळ शोधलं. ज्या जाळ्याची तोंडओळख त्यांनी करून दिली त्यातच शोधलं, पण त्या नावाचे सर फार आहेत आणि रुमाल बांधणारा एकही नाही.

सुजाता पाटोद्याला विज्ञान शिकवते. तिच्या वर्गाच्या भिंतीवर मोठा पडदा आहे, व्हेल म्हणावं आणि व्हेल यावा, तोही पोहत. मागच्या वर्षी मी तिच्या शाळेत गेले होते. पोरं घरी गेल्यावर आम्ही दोघी रिकाम्या वर्गात बसून डबा खात होतो. मी तिला म्हणाले, तू सांगितलास तसा मासा ह्या पडद्यावर काही येत नाही.

ती घास थांबवून हसायला लागली. "अगं नंदे, तो आलाच नव्हता."

"म्हणजे?"

"बाबूनं ऑफिसात फोन उचलला अन् लाइन कटली. पाठीपर्यंत आलता, खाली सगळं पांढरं. पोरं म्हणूनच ओरडली. सर परत लावणार होते, पर त्या दिवशी परत लागलाच न्हाई."

मग मी विचारलं, "आणि तो डोळा?"

सुजातानं डब्यातलं लोणचं माझ्या भाकरीवर ठेवलं. "तू बाहेर बसलतीस ना," ती म्हणाली. "अर्धाच कसा सांगायचा?"